विसाव्या हिश्श्याची गाडी

नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. १९०७ साली सुरू झालेली, दोन फुटी रुळांवरून वळणे घेत डोंगर चढणारी ही गाडी पाहुण्यांना दाखवताना आपण सहज म्हणून जातो, "ही मोठ्या गाडीची छोटी प्रतिकृती." प्रत्यक्षात तसे नाही. कर्जत स्टेशनातून जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट आहे. म्हणजे माथेरानचा मार्ग पावणेतीन पटींनी अरुंद झाला. गाडीतली प्रत्येक गोष्ट याच हिशेबाने लहान केली असती, तर सहा फुटी दार सव्वीस इंचांचे झाले असते आणि आत उतारूंऐवजी कोंबड्या बसवाव्या लागल्या असत्या. उतारू तेवढाच राहिला, म्हणून दार, बाक आणि खिडकी त्याच्या मापाने ठेवावी लागली. माथेरानची गाडी लहान आहे, पण ती स्वतंत्र गाडी आहे. कुणाची प्रतिकृती नव्हे.

प्रतिकृतीचा कायदा कडक असतो. एकच भाजक ठरवायचा आणि मूळ वस्तूची लांबी, रुंदी, उंची, आरसा, नट, दांडी या सर्वांना त्याच भाजकाने भागायचे. कुणालाही सवलत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आपल्या वस्त्यांतली मुले दीक्षाभूमीचा स्तूप करतात. २०१८ मध्ये बंदी येण्याआधी तो थर्माकोलचा असे, आता पुठ्ठ्याचा असतो. त्यात घुमट नजरेच्या अंदाजाने येतो आणि पायऱ्या हाताला येतील तशा. ते श्रद्धेचे काम आहे, त्याला कुणी पट्टी लावत नाही, लावूही नये. पण असाच स्तूप करता करता कटर धरायला शिकलेला खालापूर तालुक्यातला एक मुलगा आता पट्टी लावून काम करू लागला आहे. गेले सात महिने तो फॉर्म्युला वनच्या एका शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती करतो आहे, मूळ मापाच्या बरोबर विसाव्या हिश्श्यात. त्याचे नाव येथे देत नाही. वस्तीत या गाडीवरून आधीच पुष्कळ बोलून झाले आहे.

मुलगा आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये नापास झाला आणि तो विषय मागे राहिला. वडील खोपोलीकडच्या एका कारखान्यात लेथवर कंत्राटी कामगार आहेत. त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात, याला दोन शब्द सांगा. एकोणीस वर्षांचा घोडा गाड्यांशी खेळतो. कंत्राटदाराकडे गोदामात जागा आहे, उद्यापासून ये म्हणतोय. तिथे चिकटला तर घरात चार पैसे तरी येतील." वहिनींची तक्रार निराळी होती. दहा बाय बाराच्या खोलीत कपाटावरची जागा या गाडीने अडवली होती आणि जमिनीवर रबराचा भुगा रोज सापडत होता.

दोघांच्याही म्हणण्यात खोटे काही नव्हते. म्हणून मी आधी गाडी पाहायला मागितली.

गाडी होती जॉर्डन संघाची, २००५ सालची, पिवळी, १९ क्रमांकाची. नारायण कार्तिकेयन ती चालवत असे. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय. मार्च २००५ मध्ये मेलबर्नला त्याने पहिली शर्यत केली. त्याच वर्षी १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिस येथे मिशेलिनचे टायर तिथल्या उतरत्या वळणावर धोक्याचे ठरले, म्हणून ते टायर असलेल्या चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच बाजूला झाल्या. ब्रिजस्टोनच्या सहा गाड्या उरल्या. त्यांत कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. ही जागा फुकटची होती असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. शर्यतीत उभे राहणारे आणि शेवटपर्यंत गाडी आणणारे यांचीच मोजदाद होते. पुढे हाच जॉर्डन संघ हात बदलत बदलत २००८ मध्ये विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया झाला आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन या नावाने धावतो. या मुलाला हे सगळे पाठ आहे. २००५ मध्ये तो जन्मलाही नव्हता.

जाता जाता एक सांगण्यासारखे. भारतात फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या, २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये, आणि तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. त्या झाल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्याचे नाव गौतम बुद्ध नगर आहे आणि हा जिल्हा १९९७ साली झाला. शांतीचा संदेश देणाऱ्या तथागतांचे नाव एवढ्या आवाजाच्या जागेला कसे, असा प्रश्न वस्तीतल्या एका आजीने विचारला होता. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

आता गाडीच्या कामाकडे येऊ. परदेशी कंपनीचा प्लास्टिकचा कीट आणला तर त्यात सगळे भाग तयार साच्यातून निघालेले असतात. पण चांगल्या कीटची किंमत हजारांत जाते आणि हे घर त्या वाटेला जाणार नव्हते. मुलाने गाडी कागदापासून सुरू केली. तीही अगोदर मापापासून.

खऱ्या गाडीचा आराखडा कुणी देत नाही. संघ ते गुपित ठेवतात. पण शर्यतीची नियमावली उघड असते. तिच्यात त्या वर्षी गाडीची रुंदी जास्तीत जास्त १८०० मिलिमीटर आणि कोरड्या रस्त्यावरच्या टायरचा व्यास जास्तीत जास्त ६६० मिलिमीटर असे ठरवून दिलेले होते. कुणीही संघ यातले एक मिलिमीटर सुखासुखी सोडत नाही. तेव्हा वीस या भाजकाने रुंदी झाली ९० मिलिमीटर आणि टायर झाला ३३ मिलिमीटर. एवढ्या दोन आकड्यांवरून बाकीची गाडी काढायची होती.

त्याने मोबाईलवर गाडीचे अगदी बाजूने घेतलेले छायाचित्र शोधले आणि छापून आणले. छापलेल्या चित्रात टायर भरला साडेसत्तावीस मिलिमीटर. आपल्याला हवा तेहतीस. मग तो झेरॉक्सवाल्याकडे गेला आणि १२० टक्के मोठे करून मागितले. साडेसत्तावीसचे १२० टक्के म्हणजे बरोबर तेहतीस. आता त्या कागदावरचे चित्रच विसाव्या हिश्श्यात आले. नाकाच्या टोकापासून मागच्या पंखापर्यंत कुठेही पट्टी ठेवा, जे माप येईल ते थेट प्रतिकृतीचे माप. ज्या मुलाचा गुणोत्तर-प्रमाणाच्या गणितात हात अडत होता, त्याने झेरॉक्सच्या बटणावर ते सोडवले. हे ऐकल्यावर मला जे सांगायला बोलावले होते, ते दोन शब्द मी गिळले.

यात एक खबरदारी आहे आणि ती त्याने स्वतः शोधली. छायाचित्र किंचित तिरके घेतलेले असेल तर जवळचे चाक मोठे आणि लांबचे लहान दिसते. म्हणून तो आधी पुढचे आणि मागचे, दोन्ही टायर मोजतो. दोघांत मिलिमीटरभराचाही फरक आला तर ते चित्र बाद. नऊ चित्रे बाद झाली, दहावे घेतले. आम्ही कीर्द-खतावणीत आयुष्य काढलेली माणसे. जमा आणि नावे यांची तेरीज जुळली नाही तर पुढचे पान उलटत नाही, कारण पहिल्या पानावर चुकलेले नऊ पैसे शेवटच्या पानापर्यंत ओढले जातात. या मुलाला ते कुणी शिकवले नव्हते. येथे एक मिलिमीटर चुकला की मूळ गाडीत दोन सेंटिमीटर चुकतात, हे मात्र त्याला रात्री झोपेतही आठवते, असे वहिनी म्हणतात.

बाजूच्या चित्रातून लांबी आणि उंची मिळाली, वरून घेतलेल्या चित्रातून रुंदी. त्यावरून त्याने आलेखाच्या कागदावर गाडीचे आडवे काप काढले, भाजीवाला दुधी कापतो तसे. नाकाजवळ काप लहान, चालकाच्या जागी उभट, मागे इंजिनाकडे पुन्हा अरुंद होत गेलेला. असे चौदा काप लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून कापले, एका कण्यावर फासळ्यांसारखे उभे केले आणि वरून पातळ पुठ्ठ्याची कातडी चढवली. सांध्यांत एम-सील भरले, पॉलिश पेपरने घासले. यावर कुणी नाक मुरडू नये. खऱ्या गाडीचा सांगाडाही लोखंडाचा नसतो. कार्बनच्या धाग्यांचे विणलेले कापड राळेत भिजवून थरावर थर साच्यात बसवतात आणि दाबाखाली भट्टीत भाजतात. कापड आणि डिंक, एवढेच ते. फरक पैशांचा आणि भट्टीचा.

पहिला सांगाडा आपल्याकडच्या पावसाने खाल्ला. जुलैत खालापूरची हवा कशी असते ते सांगायला नको. पत्र्याखाली ठेवलेला पुठ्ठा आतून ओल धरून फुगला आणि नाक डावीकडे वळले. मुलाने तो मोडून ऑगस्टमध्ये दुसरा केला. या वेळी प्रत्येक फासळीला दोन्ही बाजूंनी वॉर्निश दिले, मगच जोडले. तो अजून सरळ आहे.

बाकीचे सामान घरातले आणि भंगारातले. चाकाला धरणाऱ्या बारीक दांड्या खराट्याच्या हिरांच्या, चपट्या घासलेल्या. मागचा पंख शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचा. तो पत्रा साधारण दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे मूळ गाडीत दोन मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे आरसे वहिनींच्या जुन्या साडीवरच्या आरशांतून कापले. खर्चाचा हिशेब मी स्वतः तपासला: सात महिन्यांत ६४० रुपये, त्यांत सर्वांत मोठी रक्कम पिवळ्या स्प्रेच्या डब्याची.

रंगाबद्दल एक गोष्ट मला नवी कळली. ब्रशने दिलेला रंग एक दशांश मिलिमीटर जाड बसला तरी विसाच्या हिशेबाने तो दोन मिलिमीटरचा लेप होतो. एवढा जाड रंग कुठल्या गाडीला असतो? म्हणून प्रतिकृती ब्रशने रंगवली की ती खेळणे दिसते आणि पातळ फवाऱ्याने तीन हात दिले की गाडी दिसते. रंगात अडकलेला एक केस म्हणजे मूळ गाडीवर पडलेली जाड दोरी.

मुलाकडून मी आणखी एक गणित ऐकले आणि माझ्यातला वाणिज्य पदवीधर चकित झाला. लांबी वीस पटींनी लहान झाली तर क्षेत्रफळ वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे पटींनी लहान होते आणि आकारमान आठ हजार पटींनी. खरी गाडी चालकासह सुमारे ६०० किलोची. तिला आठ हजारांनी भागले तर येतात ७५ ग्रॅम. तिच्या इंजिनाला दहा सिलिंडर होते, मिळून तीन लिटर, म्हणजे प्रत्येकी ३०० घन सेंटिमीटर. विसाव्या हिश्श्यात एका सिलिंडरमध्ये पाण्याचा एक थेंबही मावणार नाही. आणि ताशी ३०० किलोमीटरचा वेग त्याच हिशेबाने १५ वर येतो, म्हणजे आपण सायकलवरून कामाला जातो तेवढा. हे त्याने कुठे वाचले म्हणून विचारले, तर म्हणाला, "काका, वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या पुस्तकात क्षेत्रफळ-घनफळाचा धडा आहे. गेल्या वर्षी तो कशासाठी आहे तेच कळत नव्हते."

वडिलांचा मुख्य प्रश्न उरला होता. याचा उपयोग काय? मी त्यांना जे माहीत होते ते सांगितले. फॉर्म्युला वनचे संघ स्वतः प्रतिकृती करतात. गाडीवरून हवा कशी वाहते हे पाहायला ते ती बोगद्यात ठेवून समोरून वारा सोडतात. नियमाप्रमाणे ही प्रतिकृती मूळ मापाच्या ६० टक्क्यांहून मोठी चालत नाही आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, याहून अधिक चालत नाही. कोट्यवधींची गाडी अगोदर प्रतिकृती म्हणून जन्माला येते.

जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीची हकिकतही सांगितली. ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यात सुरू झाली आणि पुढे प्लास्टिकच्या प्रतिकृतींमध्ये जगात नावाजली. शुनसाकू तामिया हे तिचे प्रमुख. पोर्श गाडीची बाराव्या हिश्श्यातली प्रतिकृती काढायची होती, तेव्हा त्यांनी खरी पोर्श विकत घेतली आणि माप घेण्यासाठी ती सुटी केली. पुन्हा जोडताना मात्र पोर्शचे कारागीर बोलवावे लागले. ती प्रतिकृती १९७६ मध्ये बाजारात आली. तामियांचे २०२५ मध्ये निधन झाले. खेळण्याच्या धंद्यात असलेला माणूस मापासाठी एवढा खर्च करतो, हे ऐकून वडील हसले, पण पहिल्यासारखे नाही.

शर्यतीचा खेळ आपल्या घरांचा नाही, हे मी लपवत नाही. कार्तिकेयनचे वडील स्वतः रॅलीत गाड्या चालवत असत. लहानपणी कार्टिंगला लागणारा पैसा ज्यांच्याकडे आहे, त्यांचीच मुले त्या रांगेत पुढे सरकतात. हा मुलगा उद्या चालक होईल असे स्वप्न कुणी त्याला विकू नये. पण गाडी जिथे घडते तिथे फिटर, टर्नर आणि माप घेणारा लागतोच.

त्या संध्याकाळी खरा निकाल माझ्या बोलण्याने लागला नाही, चाकाने लागला. मुलाने टायर जुन्या हवाई चपलेच्या रबराचे केले होते. चकत्या कापायच्या, रुंदीसाठी दोन एकावर एक चिकटवायच्या, मधून बोल्ट घालून शेजारच्या वायरमनच्या ड्रिल मशीनला लावायच्या आणि फिरवत पॉलिश पेपर धरायचा. त्या काळच्या नियमाप्रमाणे टायरवर चार खाचा असत, त्याही त्याने करवतीच्या पात्याच्या तुकड्याने फिरत्या रबरावर काढल्या होत्या. वडिलांनी एक चाक उचलले, काहीही न बोलता लादीवर सोडले आणि ते गडगडत जाताना बघत राहिले. मग म्हणाले, "सेंटर आऊट आहे."

मुलगा म्हणाला, "पट्टीने मोजले, तेहतीस आहे."

"व्यास बरोबर आहे रे. भोक मध्यावर नाही. आधी भोक पाड, बोल्ट टाक, आणि मग बाहेरून गोल कर. तू आधी गोल कापतोस आणि मग मध्य शोधतोस. लेथवर असे काम केले तर सुपरवायझर घरी पाठवेल."

बारा तासांची पाळी करून आलेला माणूस त्यानंतर पाऊण तास दारात बसून चपलेचे रबर घासत होता. मी चहा घेऊन निघालो, तेव्हा बापलेकांत पुढच्या चाकांच्या रुंदीवरून वाद चालू होता. वहिनींनी भुगा गोळा करायला जुने वर्तमानपत्र आणून अंथरले.

गोदामातल्या जागेचे काय झाले ते वाचक विचारतील. वडिलांनी कंत्राटदाराला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर बघू असे कळवले आहे. कंत्राटदार तोवर थांबेल की नाही, ते सांगता येत नाही; त्याच्या दारात मुले रांगेने उभी असतात. मागे राहिलेल्या विषयाचा पेपर मुलाने दिला आहे, निकाल लागायचा आहे. गाडीचे वजन मात्र परवा किराणा दुकानातल्या काट्यावर केले. ७५ ग्रॅमऐवजी १३१ भरले. एम-सील जास्त झाले, असे त्याचे मत. मी तोच काटा पुन्हा शून्यावर आणून मोजायला लावले, १३१च भरले.

ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी एवढे करावे. घरातल्या एखाद्या वस्तूपासून सुरुवात करू द्यावी: स्टूल, पाण्याची टाकी, सायकल. ती जवळ असते, तिचे माप घेता येते. भाजक दहा ठेवला तर हिशेब तोंडी होतो. स्टीलची पट्टी घ्यावी, प्लास्टिकची नको, तिची कड झिजते. कटर चालवताना खाली जुनी लादी ठेवावी, ड्रिल मशीनपाशी मोठे माणूस उभे असावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. आणि जमले तर मुलाला एकदा पुण्याला न्यावे. कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेले. तिथे सिग्नल, पूल, स्टेशन, धावत्या गाड्या, सगळे प्रमाणात लहान केलेले पाहायला मिळते. आमच्या या मुलाला वडील दिवाळीनंतर नेणार आहेत. त्याने आतापासून पट्टी पिशवीत टाकून ठेवली आहे. काचेला पट्टी लावू देत नाहीत, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.